खराट्याचे हीर आणि कोंबडीचा पंजा: स्नायू हाताने समजून घेण्याची कृती

शाळा-कॉलेजच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात स्नायूची आकृती असते. आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्याला एक अक्षर. अक्षरं पाठ होतात, मार्क मिळतात; पण स्नायू आखडतो म्हणजे आत नेमकं काय होतं असं विचारलं, की बरेच जण ताणून सोडलेल्या रबराकडे बोट दाखवतात. ते चूक आहे. स्नायूच्या आतला एकही धागा आखूड होत नाही, तरी अख्खा स्नायू आखूड होतो. नुसतं वाचून हे गळी उतरत नाही, हाताने करून बघावं लागतं. रविवारची एक सकाळ त्याला पुरते.

साहित्य फार लागत नाही. चिकनच्या दुकानातून दोन पंजे आणि एक लेग पीस आणा. पंजे सांध्याच्या बोटभर वरून तोडून मागा. अगदी सांध्यातच तोडलेले मिळाले तरी चालतील, थोडी जास्त खटपट करावी लागेल इतकंच. शिवाय खराट्याचे दहा-बारा हीर, पट्टी, दोन मोठे बटाटे, शिवणाचा दोरा, छोटी धारदार सुरी, दाभण, पक्कड आणि लाटणं. सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. घरी मांसाहार नसेल तर पंजा आणि लेग पीस सोडून द्या. उरलेली कृती स्वतःच्या हातावर आणि हिरांवर पूर्ण होते. कच्च्या चिकनला हात लावण्याआधी पाट वेगळा काढा, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला शिवू नका. मुलं बरोबर असतील तर सुरी मोठ्यांच्या हाती.

१. आधी स्वतःचा हात

उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सरकवा. डाव्या हाताने उजवा दंड धरा, कोपर काटकोनात वाकवा आणि तळहात जमिनीकडे ठेवा. आता कोपर अजिबात न हलवता तळहात छताकडे वळवा. दंडावरची बेटकुळी डाव्या हाताखाली टपकन वर आलेली कळेल. बेटकुळीचा स्नायू फक्त कोपर वाकवण्यासाठी असतो असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात तळहात उताणा करणं हेही त्याचंच मोठं काम. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना तो सैल करण्यापेक्षा जास्त जोर लावता येतो, तो याच्याच बळावर.

आता त्याच हातात पाच लिटरचा भरलेला कॅन धरून कोपर काटकोनात ठेवा. कॅन कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर आहे, आणि बेटकुळीचा स्नायू हाडाला जोडलेला आहे कोपरापासून जेमतेम साडेचार सेंटिमीटरवर. तरफेचा हिशोब करा. पाच किलो नुसते धरून ठेवायला कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना ४० किलोच्या आसपास ओढ द्यावी लागते. शरीराची रचना इथे काटकसरीची वाटत नाही. पण ती जोर घालवून वेग आणि पल्ला कमावते: स्नायू एक सेंटिमीटर आखडला की हात सात-आठ सेंटिमीटर उचलला जातो.

मग कोपराखालचा भाग मुठीत धरा आणि उजव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. कोपराजवळचं मांस हलतं. बोटांत स्वतःचे स्नायू नाहीतच. काही छोटे स्नायू तळहातात आहेत, बाकी सगळी ओढाओढ कोपराखालून होते आणि मनगटातून जाणाऱ्या कंडरांमार्फत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांमार्फत, बोटांपर्यंत पोचते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वाकवा: मनगटाच्या मधोमध एक दोरी तटतटून वर येईल. काहींना ती दिसणार नाही. तो स्नायू जन्मतःच नसलेली माणसं बरीच आहेत आणि त्यांचं काही अडत नाही.

आणखी एक गंमत याच ओघात करून घ्या. मधलं बोट मुडपून हात पालथा टेबलावर टेका, बाकीची बोटं सरळ. आता एकेक बोट उचला. अंगठा उठतो, तर्जनी उठते, करंगळीही उठते. अनामिका मात्र जागची हलत नाही. हाताच्या पाठीवर मधल्या बोटाची आणि अनामिकेची कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. एक अडकली की दुसरीही अडकते.

२. कान द्या

अंगठा कानात हलकेच घाला आणि त्याच हाताची मूठ आवळा. लांबून ट्रक जातोय असा घरघराट ऐकू येईल. मूठ सैल सोडली की तो ओसरतो. विल्यम वॉलस्टन यांनी १८०९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या आवाजावर व्याख्यान दिलं होतं. घट्ट आवळलेला स्नायू स्थिर वाटला तरी स्थिर नसतो. त्याचे तंतू गटागटाने, आळीपाळीने ओढत असतात, आणि ती थरथर कानाला जाणवते. एका चेतातंतूच्या ताब्यात स्नायूतंतूंचा एक गट असतो. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत हा गट दहा-वीस तंतूंचा, तर पोटरीत हजाराच्याही वर. म्हणून नजर केसभर सरकवता येते आणि पोटरी तेवढी नाजूक हलवता येत नाही.

३. पंजा

तोडलेल्या टोकाशी पांढऱ्या, चकचकीत दोऱ्यांची टोकं दिसतील. पायाच्या मागच्या बाजूला जाड जुडगा, पुढे हाडाला लागून एक-दोन. दिसत नसतील तर मागच्या बाजूने कातडीला दोन सेंटिमीटरची उभी चीर द्या. मागची एक दोरी पक्कडीत धरा आणि ओढा. बोटं मिटतात, नख्या आत वळतात. पहिल्यांदा बघणारा दचकतोच. सोडा, आणि आता पुढची दोरी ओढा. बोटं उघडतात. मागच्या जुडग्यातली दोरी न् दोरी दाभणाने सुटी केली तर कुठली कुठल्या बोटाची हेही लागतं.

इथे घाई करू नका. मागची दोरी ओढून बोटं मिटवल्यावर तीच दोरी वरून खाली ढकलून ती उघडता येतात का ते बघा. येत नाहीत, दोरी नुसती दुमडते. शरीरातल्या कुठल्याही सांध्यावर स्नायूंच्या जोड्या का लागतात याचं उत्तर एवढ्यात मिळतं. स्नायू ओढतो, ढकलत नाही. हात लांब करून दार ढकलताना सुद्धा दंडामागचा स्नायू ओढतच असतो, कोपराच्या मागच्या टोकाला.

दोरी बोटाने पुढे-मागे सरकवून पाहा. ती एका बुळबुळीत नळीतून धावते. तसलीच आवरणं आपल्या मनगटात आहेत. ती सुजली की अंगठा हलवताना मनगटाशी कळ येते.

४. लेग पीस

कातडी काढा. ती ओढली की खालची पातळ, पारदर्शक पापुद्र्याची जाळी ताणलेली दिसते; सुरीपेक्षा बोटानेच ती छान सुटते. आता मांस नीट निरखा. ते एकसंध नाही. बारीक फटी आहेत, त्यांत बोटाचं टोक घाला आणि हळूच सरकवा. एकेक स्नायू आपापल्या चंदेरी आवरणासकट वेगळा होतो. कापावं लागलं तर समजा की फट सोडून भलतीकडे गेलात.

मागच्या बाजूचा सगळ्यात गुबगुबीत स्नायू म्हणजे कोंबडीची पोटरी. वर मांसल, खाली निमुळता होत होत पांढऱ्या कंडरेत संपतो. लेग पीस खाताना खालच्या टोकाला दाताखाली येणाऱ्या चिवट दोऱ्या त्या याच. हीच कंडरा तुमच्या टाचेच्या वर आहे. आत्ता चिमटीत धरून पाहा, शरीरातली सगळ्यात जाड कंडरा आहे ती. कोंबडीचा गुडघा उलटा असतो असं आपण म्हणतो, तो गुडघा नसून घोटा आहे. तिचा खरा गुडघा वर, पिसांत लपलेला.

लेग पीसचं मांस छातीच्या मांसापेक्षा गडद असतं तेही या वेळी बघून घ्या. दिवसभर चालणाऱ्या पायात प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे लाल द्रव्य जास्त लागतं. कोंबडी उडते ती क्वचित आणि क्षणभर, म्हणून तिची छाती फिकट. कबुतराची छाती गडद लाल निघते, कारण ते मैलोनमैल उडतं.

एक स्नायू सुटा करून पाण्यात मंद आचेवर पाऊण तास उकळा. तंतूंभोवतीच्या आवरणातलं कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं (पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते यामुळेच), आणि मांस उभ्या रेषांत सुटायला लागतं. जून गावरान कोंबडीला जास्त शिट्ट्या लागतात, कारण वयाबरोबर कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट गुंततात. दाभणाने एक जुडगा सोडवा, त्यातून त्याहून बारीक, त्यातून आणखी बारीक. नुसत्या डोळ्यांना केसासारखी दिसेल ती शेवटची बट बहुधा अजूनही जुडगाच असते. खरा स्नायूतंतू म्हणजे एक पेशी. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतकी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर, आणि एका पेशीत शेकडो केंद्रकं.

सूक्ष्मदर्शक असेल तर शेवटची बट काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, वर झाकणकाच ठेवा आणि हलकेच दाबा. मोठं भिंग लावा आणि खालून येणारा उजेड कमी करा. लख्ख उजेडात काहीच दिसत नाही. तंतूवर अगदी बारीक आडवे पट्टे उमटतील, एक गडद, एक फिका. पुस्तकातली अक्षरं या पट्ट्यांची.

५. हिरांचा स्नायू

हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. प्रमाण ठरवा: मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रॉन, आपल्याकडे १० सेंटिमीटर. बेडकाच्या स्नायूची मापं नेमकी मोजलेली आहेत, ती घेऊ. जाड धागा मायोसिनचा, लांबी १.६ मायक्रॉन, म्हणजे १६ सेंटिमीटरचा हीर. बारीक धागा ॲक्टिनचा, लांबी १ मायक्रॉन, म्हणजे १० सेंटिमीटर. खराट्याचा हीर मधोमध साधारण दीड मिलिमीटर जाड असतो, आणि मायोसिनच्या धाग्याची जाडी याच प्रमाणात नेमकी तेवढीच येते. ॲक्टिनसाठी हिराची शेंड्याकडची बारीक टोकं घ्या.

बटाट्याच्या दोन जाड फोडी करा. प्रत्येकीत चार बारीक हीर एका ओळीत असे खोचा, की बाहेर १० सेंटिमीटर राहतील. फोडी समोरासमोर ठेवा, हिरांची टोकं एकमेकांकडे. १६ सेंटिमीटरचे तीन हीर मध्यभागी दोऱ्याने समांतर बांधा आणि ते बारीक हिरांच्या मधल्या फटींत बसवा. जाड हिरांच्या मध्याच्या दोन्ही अंगांना एकेक सेंटिमीटरवर पेनाने खूण करा. या दोन खुणांमधला भाग ओका असतो. तो सोडून बाकी सगळ्या लांबीवर मायोसिनची डोकी बाहेर आलेली असतात, एका धाग्यात सुमारे ३०० रेणू, प्रत्येकाला दोन डोकी. ही डोकीच बाजूचा ॲक्टिन पकडतात आणि मध्याकडे ओढतात.

आता फोडींमधलं अंतर ३६ सेंटिमीटर ठेवा. बारीक हिरांची टोकं जाड हिरांना फक्त टेकतात, कुठेच एकमेकांवर येत नाहीत. डोक्यांना पकडायला काही नाही, जोर शून्य. फोडी जवळ आणत आणत २२ सेंटिमीटरवर या. बारीक हिरांची टोकं बरोबर पेनाच्या खुणांवर आली. आता प्रत्येक डोक्यासमोर ॲक्टिन आहे, इथे जोर सर्वांत जास्त. मधे, २९ सेंटिमीटरवर, निम्मी डोकी कामाला आणि जोरही निम्मा. आणखी जवळ आणा: २० सेंटिमीटरवर समोरासमोरच्या बारीक हिरांची टोकं भिडतात, त्याखाली ती एकमेकांवर चढून अडचण करतात, आणि १६ वर जाड हीर बटाट्याला टेकतो. १९६६ मध्ये गॉर्डन, अँड्र्यू हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका स्नायूतंतूवर हे मोजलं. जोराचा आलेख याच आकड्यांशी वळणं घेतो.

पट्टीने एकदा तपासा: ३६ पासून १६ पर्यंत येताना एकही हीर आखूड झाला नाही. जाड हिरांनी व्यापलेला गडद पट्टा १६ सेंटिमीटरचाच राहिला, घटला तो दोन्ही बाजूंचा फिका पट्टा. मे १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी-शेजारी छापून आले ते हेच सांगणारे. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. आडनाव एक असलं तरी दोघा हक्सलींचं नातं काही नाही. एक इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये, दुसरा त्या वेळी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये.

मायोसिनच्या डोक्याचा एक हिसका तुमच्या पट्टीवर फार तर एक मिलिमीटरचा. म्हणजे हीर अडीच सेंटिमीटर सरकवायला निदान पंचवीसदा पकड, ओढ, सोड. पण दहा सेंटिमीटर लांबीच्या तंतूत असे हजारो तुकडे ओळीने जोडलेले असतात. प्रत्येक अडीच मायक्रॉनचा धरला तर ४०,००० भरतात. प्रत्येकाने अर्धा मायक्रॉन आवरता घेतला की टोकाला दोन सेंटिमीटर होतात.

६. लाटणं

लाटणं मुठीत घट्ट धरा, मनगट सरळ. समोरच्याला ओढून घ्यायला सांगा. मग मनगट आतल्या बाजूला पूर्ण मुडपा, आणि पुन्हा तितकंच घट्ट धरायचा प्रयत्न करा. लाटणं अलगद निघून जाईल. जोर कमी पडला तो मनाचा नव्हे. बोटं मिटवणारे स्नायू मनगटावरूनही जातात. मनगट आत मुडपल्यावर ते आधीच आखडून बसलेत, त्यांचे हीर २० च्या खाली गेलेत असं समजा. शिवाय हाताच्या पाठीवरच्या कंडरा ताणून बोटांना उघडायला बघतात. मनगट किंचित मागे झुकवून धरलं तर पकड सगळ्यात पक्की. हातातली काठी काढून घेताना जाणकार मनगट आत मुडपतो, त्यामागे हेच आहे.

७. चावी आणि इंधन

हीर सरकायला लागतात कधी? चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटाइलकोलिन सुटतं, स्नायूतंतूच्या आवरणावर विजेची लाट उठते, आणि आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर पडतं. एरवी ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा एका प्रथिनाने झाकलेल्या असतात. कॅल्शियम आलं की ते बाजूला होतं. कॅल्शियमचं महत्त्व १८८३ मध्ये सिडनी रिंगर यांच्या लक्षात आलं: लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं, ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रावणात बंद पडायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

इंधन म्हणजे एटीपी. गोम अशी, की ते नुसतं ओढायला नाही, पकड सोडायलाही लागतं. प्राणी मेल्यावर एटीपी संपतं, डोकी पकडलेल्या जागीच अडकतात आणि देह ताठ होतो. दुकानात ताजी कापलेली कोंबडी काही वेळाने लाकडासारखी कडक होते आणि पुन्हा नरमते, त्यातला पहिला भाग हाच. आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी तर ग्लिसरीनमध्ये मुरवलेल्या सशाच्या निर्जीव स्नायूवर एटीपी टाकून तो आखडून दाखवला. जिवंत स्नायूत तयार एटीपी दोन-तीन सेकंदांपुरतंच असतं. पुढे ते सतत बनवत राहावं लागतं, आणि त्या भानगडीत उष्णता बाहेर पडते. थंडीत कुडकुडणं म्हणजे फक्त त्या उष्णतेसाठी चाललेली ओढाताण.

हृदयाच्या स्नायूतही हेच पट्टे आहेत. आतड्याच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पट्टे नाहीत, पण ॲक्टिन आणि मायोसिन तिथेही आहेत, नुसते विस्कटून लावलेले.

८. पोटरीत गोळा आला तर

रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा हिरांचं चित्र डोळ्यांपुढे आणा: हीर आत ओढले गेलेत आणि सुटत नाहीत. त्यांना बाहेर खेचायचं. उठून बसा आणि गुडघा सरळ करा. गुडघा दुमडलेला ठेवून उपयोग नाही, कारण पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. गुडघा वाकवला की तो ढिला पडतो. पाऊल दोन्ही हातांनी नडगीकडे ओढा, हात पोचत नसेल तर टॉवेल तळव्याला अडकवून ओढा. झटका देऊ नका, अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा. त्याच वेळी बोटं स्वतःहूनही वर उचला. गोळा हळूहळू सुटतो. तेल चोळायचं ते त्यानंतर. गोळे वारंवार येत असतील किंवा पोटरी एकाच बाजूने सुजून दुखत असेल तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.